आकाशाच्या वाट्याचा निळा

मंगळवार, बीजिंग

चिनी पोर्सिलेन म्हटलं की पांढऱ्यावरची निळी नक्षी डोळ्यांपुढे येते. आम्ही निघालो होतो ते दुसऱ्या निळ्यासाठी. त्यात नक्षी नसते. भांडं बाहेरून एकाच गडद निळ्या झिलईचं असतं, आतून बहुधा पांढरं, आणि काठावर बारीक पांढरी रेघ. चीनमध्ये याला जी-लान म्हणतात, पूजेतला निळा. मिंग आणि छिंग राजवटींत तो बादशाही भट्ट्यांसाठी राखलेला असे, आणि त्याचं पहिलं काम होतं आकाशाची पूजा.

मी पुण्यात स्टुडिओ पॉटरी करते. बरोबर होती ताई, माझी थोरली बहीण. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली. एकरंगी झिलई हा आम्हा दोघींचा आवडता विषय. मला ती लावायची असते, तिला ती काचेच्या पातळीवर काय करते ते समजून घ्यायचं असतं. दिवाळी उरकून निघालो. क्रम मुद्दाम उलटा ठेवला: भांडी जिथे वापरली जायची ती जागा आधी, जिथे जपून ठेवली आहेत ती नंतर, आणि जिथे घडायची ती शेवटी. असं केल्याशिवाय हा निळा कळणार नाही, अशी माझी खात्री होती. संग्रहालयातल्या काचेमागे एखादी निळी वाटी एकटी ठेवली की ती सुंदर वाटी एवढीच दिसते. ती कोणासाठी होती ते हरवतं.

म्हणून सकाळी सरळ थियानथान, आकाशवेदीचं आवार. दक्षिणेच्या दरवाजाने आत शिरलो, कारण त्या बाजूने आधी गोल वेदी लागते. बहुतेक लोक उत्तरेकडच्या प्रसिद्ध गोल मंदिरापाशी गर्दी करतात. वेदीवर त्या मानाने मोकळीक होती. तीन टप्प्यांचा उघडा दगडी चौथरा. वर छप्पर नाही, मूर्ती नाही. चौथऱ्याच्या मध्यभागी एक गोल दगड, त्याभोवती नऊ दगडांचं वर्तुळ, मग अठराचं, आणि असं करत वरच्या टप्प्याच्या कडेला एक्याऐंशी.

ही वेदी 1530 साली च्याजिंग बादशहाने बांधली. त्याआधी आकाश आणि पृथ्वी यांची पूजा एकत्र होत असे. च्याजिंगने ती वेगळी केली आणि राजधानीच्या चार दिशांना चार वेद्या नेमल्या: दक्षिणेला आकाश, उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला सूर्य, पश्चिमेला चंद्र. भांड्यांचे रंगही तेव्हाच ठरले. आकाशाला निळा, पृथ्वीला पिवळा, सूर्याला तांबडा, चंद्राला पांढरा. पुढे छिंग काळात चंद्राचा पांढराही किंचित निळसर झाला.

"अगं, म्हणजे नैवेद्याच्या ताटाचा रंग फर्मानाने ठरायचा?" ताईने विचारलं.

हो, आणि ताटाचा पदार्थसुद्धा. मिंग घराण्याचा पहिला बादशहा होंगवू याने 1369 साली आज्ञा केली की पूजेची भांडी पोर्सिलेनची असावीत. त्याआधी हजारो वर्षं ती कांशाची असायची. पोर्सिलेनला हा मान मिळाला, तेव्हापासून जिंगदेजन या पोर्सिलेनच्या शहरातल्या कुंभारांवर एक नवी जबाबदारी आली: एकच रंग, डाग नाही, आणि दर खेपेला तोच.

आज ही वेदी पांढऱ्या संगमरवराची दिसते. पण च्याजिंगच्या वेळी ती निळ्या झिलईने मढवलेली होती. 1749 साली छिंग घराण्यातल्या छ्येनलोंग बादशहाने ती वाढवली, तेव्हा निळी झिलई जाऊन दगड आले. छ्येनलोंगच्या अभिरुचीबद्दल मला आदर आहे, पण त्या निळ्या वेदीची हळहळ वाटली. उघड्या आकाशाखाली झिलईचा एवढा मोठा निळा पृष्ठभाग, पहाटेच्या अंधारात, कंदिलांच्या उजेडात कसा दिसत असेल! वेदीभोवतीच्या भिंतींच्या माथ्यावर अजून निळी कौलं आहेत, आतली भिंत गोल आणि बाहेरची चौकोनी. तेवढ्यावर कल्पना करायची.

पूजा हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या शेवटी, सूर्योदयाआधी होई. बादशहा आधी उपवास करून निळा पोशाख घाली. निळ्या तंबूंखाली आकाशाचा आणि पूर्वजांचा नामफलक ठेवत. पुढे निळसर जेडची चकती, रेशीम, आणि निळ्या भांड्यांत अन्न: एकात बिनमिठाचा मांसरस, दुसऱ्यात मसाल्याचा, कशात भात, कशात बाजरीसारखी धान्यं, कशात लोणची. सुकी फळं आणि सुके मासे मात्र बांबूच्या विणलेल्या भांड्यात. आग्नेयेला हिरव्या झिलईच्या विटांची एक मोठी भट्टी आहे, तिच्यात अख्खा बैल जाळत. ती भट्टी अजून जागेवर आहे. दोघी तिच्याभोवती बराच वेळ फिरलो.

भांड्यांच्या आकारांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. होंगवूच्या आज्ञेनंतर नावं जुन्या कांस्यपात्रांचीच राहिली, पण प्रत्यक्षात वापरात असायच्या साध्या ताटल्या आणि वाडगे. जवळजवळ पावणेचारशे वर्षं हे असंच चाललं. 1748 साली छ्येनलोंगने सगळं तपासायला लावलं आणि प्राचीन आकार परत आणले: उंच पायाचं झाकणाचं पात्र, चौकोनी पेटीवजा पात्र, लंबगोल पात्र. विद्वानांनी छ्येनलोंगला उचलून धरलं आहे. मला मात्र मिंग काळातली साधी निळी ताटली जास्त जवळची वाटते. देवाला वाढताना तिचा रंग तेवढा बदलला, घाट घरातलाच राहिला.

दुपारी उत्तरेकडच्या मंदिरापाशी गेलो. सुगीसाठी प्रार्थना करायचं हे मंदिर जवळजवळ 38 मीटर उंच, तीन निळी छपरं एकावर एक. 1751 पर्यंत ही छपरं तीन रंगांची होती: वर निळं, मध्ये पिवळं, खाली हिरवं. छ्येनलोंगने तिन्ही निळी केली. आजची वास्तू 1889 मध्ये वीज पडून जळाल्यानंतर पुन्हा उभारलेली आहे. पोर्सिलेनचा निळा आणि कौलांचा निळा यांत फरक आहे, तो इथे सांगून टाकते. कौलाची झिलई शिशाची, कमी तापमानावर वितळणारी, खालची माती सच्छिद्र. पूजेच्या भांड्याची झिलई 1300 अंशांच्या आसपास मातीबरोबरच पिकते आणि तिच्याशी एकजीव होते. दोन्हींत रंग देणारा कोबाल्टच, पण एक वर चकाकतो आणि दुसऱ्यात नजर आत जाते.

आवाराच्या पश्चिम भागात पूजेच्या संगीताचं कार्यालय होतं, तिथे आता संगीताचं संग्रहालय आहे. 1900 साली परकीय फौजांनी बीजिंग घेतलं तेव्हा ब्रिटिशांच्या सैन्याचा तळ याच आवारात होता आणि त्यात हिंदी पलटणी होत्या. त्या लुटीत इथली एक सोनेरी मुलाम्याची घंटा हिंदुस्थानात गेली आणि लष्कराच्या मेसमध्ये राहिली. 1990 च्या दशकात भारतीय लष्कराने ती चीनला परत दिली. हे वाचून आले होते, तरी त्या आवारात उभं राहून ताईला सांगताना बरं वाटलं. परत देण्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

बुधवार, बीजिंग

बीजिंगचा जुना बादशाही राजवाडा सोमवारी बंद असतो आणि तिकीट पासपोर्टवर आधीच काढावं लागतं, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आम्ही मधल्या भव्य दालनांकडे न जाता दरवाजातून शिरल्याबरोबर पश्चिमेला वळलो. तिथल्या वूयिंग दालनात 2021 पासून मातीकामाचं प्रदर्शन आहे. सुमारे हजार वस्तू, आदिम मडक्यांपासून छिंगच्या अखेरपर्यंत. गर्दी होती, पण निळ्या भांड्यांपाशी लोक फार थांबत नाहीत. रंगीत चित्रांची भांडी त्यांना पुढे ओढतात.

एकरंगी भांडं पाहायचं कसं? माझी सवय सांगते. आधी काठ पाहायचा. निळी झिलई घट्ट असते, भट्टीत वितळली की काठावरून थोडी खाली सरकते. तिथे थर इतका पातळ होतो की खालचं पांढरं शरीर रेघेसारखं उघडं पडतं. चिनी जाणकार या रेघेला दिव्याच्या वातीचं नाव देतात. मग पायाकडे जायचं. झिलई पायाच्या कडेवर नेमकी थांबली पाहिजे, ओघळून खाली चिकटली तर भांडं बाद. आणि मग मधलं अंग, तेही तिरप्या उजेडात. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, बुडबुडे, कमी-जास्त जाडी, सगळं तिथे कळतं. नक्षीच्या भांड्यात असा दोष फुलापानांत दडून जातो. इथे दडायला जागा नाही.

श्वानदे बादशहाच्या कारकिर्दीतली (1426 ते 1435) ताटली समोर होती. हा निळा गोकर्णीच्या ताज्या फुलाचा, जांभळ्याकडे किंचित झुकणारा आणि ओलसर. पृष्ठभागावर अगदी बारीक खळगे आहेत. झिलई जाड आहे आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकलेले असतात, त्यामुळे उजेड आत शिरतो आणि विखरून परत येतो. शेजारच्या कपाटात छिंग काळातलं काम: झिलई सर्वत्र सारखी, काठाची रेघ मोजून ओढल्यागत. छ्येनलोंगच्या वेळच्या भट्टीचा ताबा विलक्षण होता, त्यात वाद नाही. पण कुंभार म्हणून मला विचारलं तर श्वानदे. त्या निळ्यात आग दिसते.

ताई म्हणाली, "तुला बुडबुडे आवडतात एवढंच."

"बुडबुड्यांशिवाय खोली कुठून येणार? तूच सांगितलं होतंस."

ती हसली आणि पुन्हा काचेला नाक लावून पाहू लागली.

राजवाड्याच्या आत रंग हा हुद्दाही होता. छिंग नियमांत बादशहाच्या आईला आणि पट्टराणीला आतबाहेर पिवळी भांडी. त्याखालच्या राणीला बाहेरून पिवळी, आतून पांढरी. आणखी खालच्या पायरीवर पिवळ्यावर हिरवे ड्रॅगन, आणि त्याखाली निळ्यावर पिवळे ड्रॅगन. म्हणजे आकाशाच्या पूजेत सर्वांत वर असलेला निळा जनानखान्यात बराच खाली येतो. रंगाला स्वतःचा मान नसून जागेचा मान असतो, हे इथे एका नजरेत समजतं.

याच दालनात फिकट निळ्या छटाही पाहिल्या: छिंग बादशहा खांगशीच्या काळातला आभाळी आणि जवळजवळ पांढरा वाटणारा चांदण्याचा रंग. रंगद्रव्य तेच, फक्त फार थोडं. इतक्या कमी प्रमाणात रंग एकसारखा राखणं गडद निळ्यापेक्षा अवघड असतं, कारण झिलई जराशी जाड लागली तरी डोळ्याला फरक दिसतो. ताईने वहीत छटांचे चौकोन रंगवून घेतले. पहारेकरी बाईंनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

गुरुवार, गाडीत

बीजिंगहून दक्षिणेकडे वेगवान गाडी. उत्तरेची सपाट शेतं, मग पाण्याचा मुलूख सुरू झाला. दिवस कोबाल्टच्या गप्पांत गेला, तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

कोबाल्टची रंग देण्याची ताकद प्रचंड. झिलईत शंभरात एक-दोन भाग मिसळला की गडद निळा मिळतो. तांब्याच्या लाल रंगाचं तसं नाही. तांबं भट्टीत उडून जातं, हवा थोडी जास्त मिळाली तर हिरवं पडतं, कमी-जास्त तापलं तर मातकट होतं. कोबाल्ट जागेवर राहतो आणि हवा कमी असो वा जास्त, निळाच देतो. इतिहासात याचा परिणाम दिसतो. च्याजिंगच्या काळापर्यंत तांब्याचा लाल जमेनासा झाला आणि त्याची जागा वरून लावलेल्या, लोहाच्या लाल रंगाने घेतली. निळा मात्र सलग पाचशे वर्षं चालू राहिला.

पण सगळे कोबाल्ट सारखे नाहीत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वापरलेला बराचसा परदेशी होता, बहुधा इराणकडचा. त्यात लोह जास्त, मँगनीज कमी. चीनमधल्या खनिजात मँगनीज जास्त, म्हणून रंग करडा किंवा जांभळट व्हायचा. चच्यांग प्रांतातलं खनिज त्यातल्या त्यात चांगलं, ते भाजून आणि निवडून शुद्ध करत. ताईचं म्हणणं असं की आजचा शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड डोळ्याला टोचतो तो याच कारणाने: त्याच्या सोबतीला लोहही नाही आणि मँगनीजही नाही. जुना निळा शांत वाटतो, कारण तो अशुद्ध आहे.

शुक्रवार, यांगजोउ

यांगजोउला उतरण्याचं कारण एकच फुलदाणी. सकाळी एका जुन्या चहाघरात आलं घालून वाढलेले टोफूचे केसासारखे बारीक काप खाल्ले आणि संग्रहालयात पोहोचलो. ही फुलदाणी युआन काळातली, चौदाव्या शतकातली. तोंड अरुंद, खांदे भरदार, खाली निमुळती, जवळजवळ 44 सेंटिमीटर उंच. अंग निळं आणि त्याभोवती एक पांढरा ड्रॅगन ज्वाळेच्या मोत्यामागे धावतो आहे. म्हणजे काटेकोरपणे ही एकरंगी नाही. पण उंच तापमानावरची निळी झिलई जिंगदेजनला युआन काळात पक्की झाली, त्या सुरुवातीची ही सर्वांत मोठी साक्ष.

ड्रॅगनभोवती निळी झिलई नेमकी थांबते आणि पांढरी सुरू होते. दोन्ही एकाच आगीत वितळल्या आहेत आणि तरी एकमेकींत मिसळल्या नाहीत. हे करून पाहिलेल्या कोणालाही विचारा, किती कठीण आहे. निळी झिलई वाहणारी असती तर ड्रॅगनच्या पायांच्या तीन-तीन नख्या पुसून गेल्या असत्या. अशा जातीच्या अखंड फुलदाण्या जगात तीनच माहीत आहेत: एक पॅरिसच्या गिमे संग्रहालयात, एक बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्याच्या संग्रहात, आणि ही. यांगजोउची सर्वांत मोठी. 1976 साली इथल्या सरकारी पुराण-वस्तूंच्या दुकानाने ती एका कुटुंबाकडून 18 युआनना (हे चिनी चलन) घेतली. तेव्हा ती युआन काळातली आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं.

तिच्यासाठी वेगळं दालन आहे, अंधारलेलं, प्रकाश फक्त तिच्यावर. मला हा नाट्यमय उजेड नको होता. निळी झिलई दिवसाच्या उजेडात पाहावी, एका खिडकीच्या बाजूने. दिव्यांचे चार ठिपके तिच्या खांद्यावर सतत चमकत राहतात आणि रंगाच्या आड येतात. तरीही तिच्यासमोरून हलावंसं वाटत नव्हतं.

यांगजोउचं कोबाल्टशी नातं आणखी जुनं आहे. थांग काळात हे मोठं बंदर होतं, अरब आणि इराणी व्यापारी इथे राहत. 1975 साली इथल्या मातीत कोबाल्टने रंगवलेल्या थांग काळातल्या मातीच्या उशीचा तुकडा सापडला. बीजिंगच्या वेदीवर पोहोचलेला निळा आधी व्यापाऱ्यांच्या बोचक्यांतून आला, ही गोष्ट मला मनापासून आवडते. संध्याकाळी गाड्या बदलत जिंगदेजनकडे.

शनिवार, जिंगदेजन

जिंगदेजनमध्ये रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा पोर्सिलेनचे आहेत. शहराच्या मध्यभागी जूशान नावाची टेकडी, तिच्या पायथ्याशी मिंग आणि छिंग काळातल्या बादशाही भट्ट्यांची जागा. आता तिथे उत्खननाचं उद्यान आहे आणि लगत वास्तुकार जू पेइ यांनी बांधलेलं संग्रहालय: विटांच्या लांबट कमानी, लहानमोठ्या, जुन्या भट्ट्यांच्या घाटाच्या. त्यांत भट्ट्यांतून निघालेल्या जुन्या विटाही नव्या विटांबरोबर वापरल्या आहेत. इथल्या लाकडाच्या भट्ट्या काही वर्षांनी पाडून पुन्हा बांधाव्या लागत. उरलेल्या काळवंडलेल्या विटांतून गावातली घरं उभी राहिली. गल्ल्यांतून फिरताना भिंतीभिंतीत त्या दिसतात.

या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ दिला तो इथल्या तुकड्यांना. मिंग काळाच्या पूर्वार्धात राजवाड्यात पाठवण्यायोग्य न ठरलेलं भांडं विकता येत नसे, कोणाला देता येत नसे. ते फोडून भट्टीच्या आवारातच पुरत. 1980 च्या दशकात बांधकामासाठी खणताना हे खड्डे उघडे पडले. ल्यू शिन्युआन या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तुकडे गोळा केले, थरांप्रमाणे लावले आणि जोडून भांडी उभी केली. एका भांड्याचे तुकडे एकाच खड्ड्यात असल्याने ताटली जवळजवळ पूर्ण होते, एखादीच कपची कमी.

जोडलेल्या निळ्या ताटल्यांसमोर बसून मी एकच खेळ खेळले: ही का नापास झाली? एकीवर झिलई काठापासून जास्तच उतरली होती आणि पांढरी रेघ रुंद पट्टा झाली होती. दुसरीचा तळ किंचित वाकला होता. तिसरीत मला काहीच दिसेना. ताईलाही दिसेना. त्या तिसरीपुढे मी खूप वेळ थांबले. कोणा तपासनिसाला तिच्यात काहीतरी दिसलं, आणि त्याच्या शब्दावर ती फुटली. राजवाड्यात जपलेलं भांडं पाहून आदर वाटतो. हे नाकारलेलं भांडं पाहून कुंभाराच्या कामाची किंमत कळते, कारण माती, लाकूड, दगड कुटणारे पाण्यावरचे घण, आणि हात दोन्हींत तेवढेच खर्ची पडले होते.

तुटलेल्या कडेमुळे आणखी एक मिळतं. झिलईचा छेद दिसतो. निळा थर किती जाड आहे आणि मातीशी कुठे एकजीव झाला आहे, हे अखंड भांडं कधीच सांगणार नाही. माझ्यासारख्यांनी जिंगदेजनला यावं ते याच्यासाठी.

आवारात थोंग बिन या कुंभाराचं मंदिर आहे. 1599 मध्ये बादशाही आज्ञेतले मोठे ड्रॅगन-रांजण पुन:पुन्हा भट्टीत फुटत होते, देखरेखीवरचा बादशाही खोजा कामगारांना छळत होता, तेव्हा थोंग बिनने जळत्या भट्टीत उडी घेतली असं इथे सांगतात. वारा आणि अग्नी यांचा अधिपती म्हणून त्याला पूजतात. अठराव्या शतकात भट्ट्यांवर आलेल्या थांग यिंग या अधिकाऱ्याने त्याचं चरित्र लिहिलं. थांग यिंगबद्दल मला फार प्रेम आहे. 1728 साली तो इथे आला तेव्हा त्याला मातीकाम येत नव्हतं. तो कामगारांबरोबर जेवला, राहिला, शिकला, आणि 1735 मध्ये आपल्या भट्टीत बनणाऱ्या 57 प्रकारांची यादी दगडावर कोरून ठेवली. पूजेतला निळा तिच्यात आहे.

रविवार, जिंगदेजन

शहराच्या कडेला जुन्या भट्ट्यांचं उद्यान आहे. तिथे अंड्याच्या घाटाची छिंग काळातली मोठी भट्टी पाहिली. पुढून उंच आणि रुंद, मागे उतरती, शेवटी धुराडं. पाइनचं लाकूड जाळायचं. आतल्या प्रत्येक जागेचं तापमान आणि हवा वेगळी, म्हणून कोणती झिलई कुठे रचायची हे भट्टीवाल्यांचं पिढीजात ज्ञान. मिंगच्या उत्तरार्धापासून बादशाही भांडी खाजगी भट्ट्यांत भाजायला देऊ लागले, तेव्हा मधली उत्तम जागा त्यांच्यासाठी राखलेली असे.

दुपारी एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथले म्हातारे शिफू, म्हणजे उस्ताद, निळ्याच झिलईचं काम करतात. दुभाष्या मुलगी मला "लाओशी", म्हणजे गुरुजी, म्हणत होती आणि ताईला "आयी", म्हणजे मावशी. ताईला ते आवडलं.

आपल्याकडे आम्ही भांडं आधी कमी आंचेवर भाजून घेतो, मग झिलई लावतो. इथे सरळ कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर लावतात. पाणी जास्त झालं की भांडं हातातच विरघळतं. शिफूंनी आतल्या बाजूला पांढरी झिलई ओतली, मनगट एकदा फिरवलं आणि उरलेली बाहेर टाकली. क्षणभरात झालं. बाहेरून मात्र फवारा. आता यंत्राची हवा वापरतात, पण त्यांनी आम्हाला जुनी पद्धतही दाखवली: बांबूची नळी, एका टोकाला तलम जाळीचं कापड, ते झिलईत बुडवायचं आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. थांग यिंगच्या 1743 च्या सचित्र वर्णनात हेच आहे: नळी सात इंची, आणि फुंकण्याचे हात तीन-चारपासून सतरा-अठरापर्यंत. त्याच्या काही वर्षं आधी 1712 आणि 1722 मध्ये इथून पत्रं लिहिणारा फ्रेंच पाद्री दांत्रेकोल यानेही फुंकलेल्या निळ्याचं वर्णन केलं आहे.

फुंकलेला थर थांबत थांबत चढतो. एका हातात भांडं फिरतं, दुसऱ्यात नळी, श्वास सारखा. ओली झिलई करडी-काळपट दिसते, निळ्याचा मागमूस नसतो. भांड्याला खाली मातीचा दोनतीन इंची दांडा ठेवलेला असतो, तो धरूनच फुंकायचं. काम झालं की दांडा कापून पाय कोरायचा, तळाला नाममुद्रा लिहायची.

मी विचारलं, थर पुरेसा झाला हे कसं कळतं? शिफूंनी नखाने कडेला एक बारीक खाच पाडली, पाहिली आणि अंगठ्याने बुजवली. तेवढंच उत्तर. मीही तशीच खाच पाडून पाहिली. माझा थर त्यांच्या निम्माही नव्हता. त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि आणखी फुंकायला लावलं, मी दमेपर्यंत. ताई शेजारी बसून प्रत्येक हातानंतर थराची जाडी वहीत टिपत होती.

सोमवार, काओलिंग

शहरातली संग्रहालयं आज बंद, म्हणून डोंगराकडे. ईशान्येला फूलियांग परगण्यात काओलिंगचा डोंगर आहे. पोर्सिलेनला ताठपणा देणारी पांढरी माती इथून निघायची. नुसत्या दगडाच्या भुकटीचं भांडं जास्त आंचेत बसतं. ही माती मिसळली की ते उभं राहतं, आणि उंच तापमान सोसलं तरच निळ्या झिलईला तो खोलपणा येतो. जुन्या खाणींची तोंडं झाडीत दिसतात. धुऊन टाकलेल्या वाळूचे पांढरे ढीग अजून उतारावर आहेत. खाली दोंगबू गावात नदीकाठचा धक्का, जिथून माती होड्यांनी शहराकडे जाई. त्याच्या फरशीवर हातगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आहेत.

परतीच्या गाडीत पुढच्या कामाची यादी केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी दिलेला चिनी पोर्सिलेनचा संग्रह आहे. तो आता काठ आणि पाय पाहत पुन्हा बघायचा. ज्यांना चीनला जाणं जमणार नाही त्यांनीही तिथपासून सुरुवात करावी. ताईने झिलईची तीन मिश्रणं लिहून काढली: एकात नुसता कोबाल्ट, दुसऱ्यात त्याला थोडं लोह, तिसऱ्यात लोह आणि मँगनीज दोन्ही. तिन्ही कच्च्या पोर्सिलेनवर, बांबूच्या नळीने, प्रत्येकी सहा, बारा आणि अठरा हात. कापडासाठी तिची जुनी मलमलची ओढणी चालेल असं तिचं म्हणणं आहे. मला तिचं विणकाम जरा विरळ वाटतं, म्हणून आधी पाण्यावर फुंकून पाहणार आहोत.